सगळंच ‘आक्रमण’ कसं?

तीस वर्षं बातम्यांचं भाषांतर करतोय, तरी ‘इन्व्हेड’ हे क्रियापद आलं की हात थबकतो. इंग्रजीत सैन्य ‘इन्व्हेड’ करतं, कर्करोगाच्या पेशी करतात आणि सुट्टीत पर्यटकही करतात. नवशिके सगळीकडे ‘आक्रमण’ ठोकून देतात. परवा प्रुफात ‘चाहत्यांचे मैदानावर आक्रमण’ वाचलं. अहो, पोरं कुंपण ओलांडून घुसली, एवढंच! स्वारी, चढाई, घुसखोरी, अतिक्रमण अशी वेगवेगळी मापं घरात असताना एकाच वजनाने सगळं का तोलायचं? पेशींचा शिरकाव होतो. घाणेरीचं झुडूप तर रानच गिळतं.

पण आक्रमण असेल तिथे मिळमिळीतपणाही नको. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, तेव्हा मॉस्कोने त्याला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटलं. तिथल्या माध्यम नियंत्रकाने ‘आक्रमण’ शब्दालाच मनाई केली. आमच्या डेस्कवरही एकाने ‘कारवाई’ लिहून पाठवलं होतं. मी लाल शाईने खोडलं.

१९४४मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या, त्याला मात्र त्यांनी स्वतःच बिनदिक्कत ‘इन्व्हेजन’ म्हटलं. तिथे मी ‘चढाई’ लिहितो.