संगणकातला पोटभाडेकरू

दिवाळीच्या साफसफाईत यंदा आमच्या घरातून तीन वस्तू गेल्या: एक गळकी बादली, एक पायमोडकी खुर्ची आणि जुना प्रिंटर. पहिल्या दोन मुकाट्याने गेल्या. प्रिंटरचे शरीर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले खरे, पण त्याचा आत्मा संगणकातच राहिला!

या आत्म्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हटले की माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरापुढे खाकी कपड्यातला माणूस उभा राहतो. हा तसा नव्हे. हा दुभाषी. संगणकाचे बोलणे प्रिंटरला कळावे म्हणून तो मध्ये बसतो. धनी गेला तरी दुभाषी जागा सोडीना. नवा प्रिंटर जोडून छपाईची आज्ञा द्यावी, तर सगळे मध्येच थिजे.

एरवी मी स्वस्थ बसलो असतो. पण वडिलांची वही छापायची होती. त्यांच्या आठवणी मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत टाईप केल्या होत्या. ते बारीक अक्षर आता आईला दिसत नाही. मोठ्या टायपात छापून पाडव्याला तिच्या हाती द्यायच्या, असा बेत होता. पाडव्याची ओवाळणी नवऱ्याने घालायची. ती वडिलांच्या वतीने आम्ही घालणार होतो.

शेवटी संतापून मी विंडोजच्या पोटातल्या सिस्टम३२मध्ये शिरलो. त्यात स्पूल, त्यात ड्रायव्हर्स. जुन्या कंपनीच्या नावाची फाईल धरली आणि पुसायला गेलो. उत्तर आले: फाईल वापरात आहे. अहो, वापरतो कोण? प्रिंटर तर भंगारात!

चिरंजीव धावत आले. "बाबा, थांबा! इथल्या काही फायली दुसरे प्रिंटरही वापरतात. आणि आजोबांच्या वहीची दुसरी प्रत कुठे आहे?"

कुठेच नव्हती. मला घाम फुटला. सगळे बाजूला ठेवून आधी ती पेनड्राईव्हवर उतरवली.

मग खरा प्रकार कळला. छपाईची कामे रांगेत लावणारा 'प्रिंट स्पूलर' नावाचा एक कारकून संगणकात असतो. त्यानेच हा पोटभाडेकरू पदराखाली घेतला होता. चिरंजीवांनी यादीतून जुना प्रिंटर काढला, कारकुनाला क्षणभर थांबवले, रांगेतले अडकलेले कागद काढून टाकले आणि त्याला पुन्हा कामाला लावले. त्याने दुभाष्याला परत जवळ घेण्याआधीच 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधल्या ड्रायव्हर्सच्या यादीत जाऊन 'रिमूव्ह' म्हटले. तिथे दोन पर्याय येतात: नुसता ड्रायव्हर काढायचा, की त्याचे पॅकेजही? नुसता काढला तर त्याची वळकटी 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या माळ्यावर राहते आणि निमित्त मिळताच स्वारी पुन्हा हजर होते. आम्ही वळकटीसकट काढला.

इतके करूनही कुणी हटला नाही, तर 'पीएनपीयुटिल' नावाची आज्ञा आहे. ती माळ्यावरच्या बाहेरच्या पाहुण्यांची यादी दाखवते. प्रत्येकाला ओईएम आणि पुढे एक आकडा असे नाव असते. हा आकडा प्रत्येक संगणकात निराळा. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याकडे चालवू नये. मूळ नाव आणि कंपनी वाचावी, मगच हात लावावा. आम्हाला ती वेळ आली नाही.

भाडेकरूची भांडी रस्त्यावर फेकून घर रिकामे होत नाही, हे वाडासंस्कृतीत वाढलेल्या मला कळायला हवे होते. त्याला आसरा कोण देतो ते आधी पाहावे.

पाडव्याला आईने चष्मा पुसून पहिली चार पाने वाचली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान झालंय रे. पण ती वही रद्दीत नाही ना घातलीस?"

वही कपाटात आहे. तिला तिथून कुणी हलवायचे नाही.