घोडा लंगडला? आधी खूर उचला

ऐन लग्नसराईत आमच्या शेजारच्या वाडीवरची वरातीची घोडी पुढच्या पायानं लंगडू लागली. कुणी म्हणालं, खांदा भरलाय. झालं, खांद्याला डागण्या दिल्या. आठ दिवसांत घोडी पाय टेकेना. डॉक्टरांनी खूर खरवडला, तर तळव्यात बारीकसं छिद्र आणि आत काळा पू! घोडी बरी झाली, पण त्या घरची मीठ-मिरची जिच्यावर चालायची, तिचा हंगाम मात्र बुडाला.

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढं ध्यानात ठेवा. घोडा लंगडला की पाय खालून वर तपासायचा. पुढच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा खुरातच असतं.

दुखरा पाय कोणता, हे आधी ओळखा. घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर सावकाश दुडकी चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना मान खाली टाकतो. मग खूर उचलून माती, शेण, खडे काढा आणि पाण्यानं धुऊन नीट बघा. दुसऱ्या खुरापेक्षा हा गरम लागतो का? खुराच्या वर, मागच्या बाजूला नाडी जोरात उडते का? तसं असेल, तर आत पू धरल्याची शंका घ्या.

खिळा रुतलेला दिसला, तर घाईनं उपटू नका. घोड्याला हलवू नका, डॉक्टरांना बोलवा. पाय टेकून खिळा आणखी आत जाईल असं वाटलं, तरच तो सरळ ओढून काढा. कुठं आणि किती खोल गेला होता त्याची खूण ठेवा, खिळाही जपून ठेवा. तळव्याच्या मधल्या मऊ, त्रिकोणी भागातली जखम फार वाईट. छिद्रात उकळतं तेल ओतू नका. धनुर्वाताची लस मात्र चुकवू नका, कारण घोड्याला हा रोग लवकर जडतो आणि बहुधा जीव घेऊनच जातो.

डॉक्टरांनी पू काढून दिल्यावर, ते सांगतील तसा खूर कोमट मिठाच्या पाण्यात शेका. मग कोरडा करून स्वच्छ पट्टी बांधा. जागा कोरडी ठेवा.

घोडा दाण्याच्या पोत्यात तोंड घालून बसला आणि पुढचे दोन्ही खूर तापून तो मागं रेलून उभा राहू लागला, तर दुखणं वेगळं आहे. चंदी बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर आणा.

खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो. बिघडलेला खूर पुरता नवा यायला वर्ष जातं. म्हणून नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा आणि रोज संध्याकाळी खरारा करताना चारही खूर उचलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. घरातल्या जाणत्या पोरालाही ते शिकवून ठेवा.