ओळींना आवाज देताना

कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा गर्दीतल्या अंध माणसाला शेजारचा जे सांगेल त्यातून त्या दिसतात. सांगणारा भरभर बोलला किंवा मधलंच गाळलं, की चित्र विस्कटतं. केवळ शब्दांवर चालणाऱ्या संगणकीय खेळांना वाचा कशी द्यायची, हा आमच्या या अंकाचा विषय त्याच जातीचा आहे.

१९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात 'मड' हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ तयार झाला. चित्र एकही नाही, सगळं वर्णन. अंध खेळाडूला इथे बरोबरीची जागा मिळायला हवी. पण लढाई पेटली की पडद्यावर ओळींचा पाऊस पडतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक ओळ वाचत बसला तर त्याचा आवाज मागे राहतो. नवी ओळ येताच जुनी तोडली, तर वार कुणी केला हेच कळत नाही. काय ताबडतोब बोलायचं, काय रांगेत ठेवायचं, कुठली कळ दाबल्यावर गप्प व्हायचं, हे खेळणाऱ्याच्याच हाती हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर आणि 'ईस्पीक एनजी'मधला मराठी आवाज आज हाताशी आहेत. मग असे खेळ मराठीतही व्हावेत, हा आमचा आग्रह. म्हणून या अंकात प्रोग्रॅमरइतकंच महत्त्व आम्ही ऐकणाऱ्याला दिलं आहे.

कडेगाव-विट्याच्या वाचकांनो, तुमचा अनुभव कळवा. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं वाटत असेल, तर रेकॉर्ड करून पाठवा; आम्ही तो नीट ऐकू.