कवटीचें हाड आणि घरच्यांची सही

बल्लाळाच्या भोजप्रबंधांत अशी कथा आहे कीं, भोजराजाची डोकेदुखी कांहीं केल्या थांबेना, तेव्हां दोघां वैद्यांनीं त्यास मोहचूर्णानें बेशुद्ध केलें, करोटी उघडून आंतील मासोळ्या काढल्या व ती पुन्हां सांधली. वर्गांत ही कथा आम्ही कविकल्पना म्हणूनच सांगत असूं.

गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या माजलगांवाहून बीडकडे येतांना मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट घरीं खुंटीवर होतें. मध्यरात्रीं, बीडपासून सुमारें १३० किलोमीटरांवरील छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयांत, शस्त्रवैद्य म्हणाले, "मेंदूची सूज औषधांनीं उतरत नाहीं. कवटीचा भाग काढावा लागेल. सही कोण करणार?" सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. "तो पूर्वीसारखा होईल ना?" एवढेंच आम्हीं विचारलें व सही केली. हा प्रश्न अपुरा होता.

पाय सुजला तर कातडी ताणते. मेंदू सुजला तर कवटी ताणत नाहीं. तींत मेंदू, रक्त व मेंदूभोंवतालचें पाणी यांपुरतीच जागा. सुजेनें दाब वाढतो, रक्त पोंचेनासें होतें, त्यानें सूज आणखी वाढते. शेवटीं श्वास चालविणारा खालचा भागच चेंगरतो. म्हणून एका बाजूचें तळहाताएवढें हाड काढून आंतलें आवरण सैल करतात. तें हाड पोटाच्या कातडीखालीं किंवा अतिशीत पेटींत जपतात आणि सूज उतरल्यावर कांहीं महिन्यांनीं पुन्हां बसवितात. तोंवर त्या बाजूस धक्का लागूं द्यावयाचा नसतो.

परंतु या उपायानें मेंदूस जागा मिळते. आघातानें मेलेला भाग जिवंत होत नाहीं. औषधांस न जुमानणाऱ्या दाबाच्या ४०८ रोग्यांवरील, अनेक देशांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांतील मृत्यु शेंकडा ४९ वरून २७ वर आले. पण जाणीवशून्य अवस्थेंत उरलेले शेंकडा दोनांवरून साडेआठांवर गेले. वर्षानंतर निदान घरांत स्वतःचें स्वतः करूं शकणारे मात्र शेंकडा ३२ ऐवजीं ४५ होते. म्हणजे आशा खरी आहे आणि भीतिहि खरी आहे.

म्हणून, वाचकहो, अशा घडीस दोन प्रश्न विचारावे: जगण्याचा संभव किती? आणि जगला तर कोणत्या अवस्थेंत? उत्तर नेमकें मिळणार नाहीं, तरी विचारावें. वेळ थोडा असतो. चर्चेंत तासच्या तास घालवूं नयेत.

आमचा पुतण्या वांचला. हाड परत बसविलें आहे. तो माणसें ओळखतो. उजवा हात अद्याप दुबळा आहे, शब्द सांपडत नाहींत. चार महिने रात्रीं उशाशीं बसली ती त्याची पत्नी. सही करतांना ती दारापाशींच उभी होती. आम्हीं तिला एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. पुढें एकदां आम्हीं तसें बोलून दाखविलें. ती म्हणाली, "मामंजी, मी होच म्हटलें असतें. पण विचारायला हवें होतें."

घरांतील वडीलपण सही करण्यांत आहे असें आम्ही समजत होतों. तें आधीं विचारण्यांत आहे.