कटोरी उलटी बेतताना

कुवेतमधल्या मिरकाबला शिलाईकाम करणाऱ्या आपल्या एका वाचकाने विचारलं आहे: गिऱ्हाईक भरल्या छातीचं, पेहराव शर्ट-पँटचा. शर्टाखाली छाती सपाट दिसावी आणि आत काही घातलंय याचा पत्ताही लागू नये. काय शिवून देऊ?

अशी गिऱ्हाईकं पुण्या-मुंबईतही येतात. कुणी ट्रान्स पुरुष असतो, कुणी छातीच्या आकाराने वैतागलेली बाई. कारण विचारायचं नाही. ब्लाउजचा गळा खोल का हवा, हे आपण कुठे विचारतो? मापाच्या वहीतही नावापुढे शेरा नको. कुवेतमध्ये तर नकोच नको. २००७ च्या दुरुस्तीने तिथल्या दंडसंहितेच्या कलम १९८ खाली दुसऱ्या लिंगाचं अनुकरण करणं हा गुन्हा ठरला होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, पण सार्वजनिक असभ्यतेचा कायदा अजून आहे आणि रस्त्यावरच्या नजराही आहेत.

आता कामाचं. आपला हात कटोरीवर, टक्सवर, प्रिन्सेस कटवर बसलेला. सगळी विद्या उभार देण्याची. उलट काम आलं की बहुतेक कारागीर एकच करतात, छातीत दोन इंच कमी धरतात. भरल्या छातीला हे हमखास फसतं. दाबलेला भाग नाहीसा होत नाही. तो काखेतून नाहीतर खालच्या काठाखालून बाहेर येतो आणि शर्टावर वळी दिसते. शिवाय श्वास कोंडतो तो वेगळाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत छाती बांधणाऱ्या १,८०० जणांपैकी ९७ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला होता: पाठदुखी, उकाडा, छातीत दुखणं. मोठ्या छातीला त्वचेचे विकार जास्त. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळून येणारं गिऱ्हाईक दिसलं, तर आधी ते सोडायला सांगा.

तेव्हा दाब नव्हे, विभागणी बेतायची. १९२० च्या दशकात सपाट छातीची फॅशन होती तेव्हा मार्केट हारबरोच्या सिमिंग्टन कंपनीने दोन्ही कुशींना नाड्या असलेली बॉडी काढली होती. फिटिंग कुशीत, समोरचा भाग साफ. ती युक्ती आजही चालते. नाडीऐवजी हुकांच्या दोन-तीन ओळी द्या. समोर न ताणणाऱ्या कापडाचा थर, त्यावर पॉवर नेट. पाठीला नुसतं पॉवर नेट, म्हणजे श्वासाला जागा राहते. टक्स कुठेच नाही. काखेखालचा भाग उंच घ्या, पण मुंढा काचू नये. खांद्याची पट्टी रुंद. लांबी कमरेच्या खाली, पँटमध्ये खोचता येईल इतकी. आखूड ठेवलात तर काठ गुंडाळून वर चढतो. घालताना छाती मधे गोळा न करता दोन्ही कुशींकडे आणि किंचित खाली सारायची, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं लागतं.

कुवेतचा उन्हाळा पन्नाशीला टेकतो. अंगाला लागणारं अस्तर सुती हवं, शिवण फ्लॅटलॉकची, आणि एकाच्या जागी दोन नग शिवा, रोज धुता येतील असे. आठ तासांवर घालायचं नाही, झोपताना आणि व्यायामाला तर मुळीच नाही.

उरलेलं काम शर्टाचं. कापड जरा जाड, रंग गडद किंवा बारीक चौकडा, दोन्ही बाजूंना खिसे, पाठीला योकखाली प्लीट. खांदा मात्र अचूक. ढगळ खांद्याने सगळं उघडं पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधे आतून एक चोरबटण लावा.

आणि ट्रायल पाच मिनिटांत उरकू नका. हात वर करायला लावा, वाकायला लावा, पोटभर श्वास घ्यायला लावा, अर्धा तास बसवून ठेवा. बोटांना मुंग्या आल्या, खोल श्वास अडला किंवा बरगडीत कळ आली, तर कुशीतला हुक त्याच वेळी एक घर सैल करा; दुखणं राहिलंच तर नग परत ठेवून घ्या आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवा.