पानाचा फोटो काढता, माणसाचा कधी काढणार?



माझ्या मोबाईलमध्ये चिकूतल्या बी पोखरणाऱ्या अळीचे, भातावरच्या करप्याचे ढीगभर फोटो. माणसाचा मात्र परवापरवापर्यंत एकही नव्हता. कारण मी बुजरा. पान काही विचारत नाही, माणूस विचारतो.

त्याची किंमत मोजली. आमच्या गंजाडात एक आजी नागलीचं जुनं बियाणं राखून होती. रोज तिच्या बांधावरून जायचो, थांबून कधी विचारलं नाही. आजी गेली. ते बियाणं कुठलं, कुठल्या जमिनीला चालायचं, आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा ठरवलं, शिवारात भेटेल त्याला विचारून एक फोटो काढायचा. पहिल्या काकांना विचारताना घसा कोरडा पडला. ते म्हणाले, "माझा कशाला? भाताचा काढ." म्हटलं, "भात कुणी लावला तेही दिसू दे की." काका हसले आणि अर्धा तास बियाण्यावर बोलले. लाजत तेही होतेच. बोलायला दोघांनाही एक निमित्त लागत होतं.

आपल्याच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे घ्या. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणं थांबलं. मातीत रेघा ओढून सांगायचे. त्याच हाताला 2011 साली पद्मश्री मिळाली. तोंड उघडत नसेल तर हाताला काम द्यावं, एवढं मी त्यातून घेतलं.

पण चोरून काढलेल्या फोटोनं भीड मोडत नाही, उलट समोरचा आणखी बुजतो. पाड्यावर न विचारता फोटो काढणारे पाहुणे आपण पाहिलेत. पी. साईनाथ यांच्या 'पारी'वर देशभरातले चेहरे आहेत, खाली नाव आणि कामधंदा. तसं हवं.

मी शिकलो ते एवढंच: आधी विचारा. भर दुपारी नको, डोळ्यांवर सावली पडते. सकाळी ओट्यावर बसवा. मोबाईल तोंडाजवळ नेलात तर नाक मोठं दिसतं, दोन पावलं मागे सरका. फोटो लगेच दाखवा. जमलं तर छापून घरी नेऊन द्या. दुसऱ्या भेटीत खरं बोलणं होतं.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनो, तुमच्या भेटीच्या अहवालात कीड असते, रोग असतो. पीक राखणारा माणूसही असू द्या. मी अजून बुजराच आहे, पण आता बांधावर थांबतो.