एक जागा भारतीय चालकाला द्या

माननीय आनंद महिंद्रा यांस,


विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई ही स्पर्धा २०१४ साली बीजिंगमध्ये सुरू झाली, तेव्हापासून महिंद्रा रेसिंग मैदानात आहे. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आले आणि निघून गेले. तुम्ही टिकलात. भारताच्या परवान्यावर धावणारा हा संघ आम्ही आपला मानतो, म्हणूनच हक्काने मागणे मांडत आहे.

पहिल्या हंगामात तुमच्या गाडीत करुण चंढोक होता. त्यानंतर एकाही भारतीयाला तुमच्या संघाकडून शर्यतीत उतरायला मिळालेले नाही. मुंबईचा जेहान दारूवाला हा फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. तो तुमच्याकडे राखीव चालक होता. पूर्ण हंगामाची जागा त्याला पुढे मासेरातीने दिली. मग बंगळुरूचा कुश मैनी आला, तोही राखीव. त्याने २०२५ मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकून दाखवली.

राखीव चालक सिम्युलेटरवर बसतो, चाचणीत काही फेऱ्या मारतो आणि शर्यतीच्या दिवशी गॅरेजमधून पाहत राहतो. फॉर्म्युला ईचे खरे कसब ऊर्जा राखण्यात आहे. वेग कुठे सोडायचा, ब्रेक लावताना बॅटरीत किती परत घ्यायचे, हे मागेपुढे गाड्यांची गर्दी असतानाच अंगी मुरते. २०१९ ला मेक्सिको सिटीत तुमचा पास्कल वेर्लाइन शेवटच्या फेरीतही पुढे होता. अंतिम रेषा समोर दिसत असताना त्याची ऊर्जा संपली आणि ऑडीच्या लुकास दी ग्रासीने शर्यत नेली. असा धडा सिम्युलेटरवर मिळत नाही.

अनुभवी चालकांशिवाय गुण मिळत नाहीत, असे उत्तर संघव्यवस्थापन देईल आणि ते मला मान्य आहे. एदुआर्दो मोर्तारा आणि निक डे व्रीस यांनी २०२४-२५ मध्ये संघाला चौथ्या स्थानावर नेले, ते त्यांच्या हातातल्या अनुभवामुळेच. पण अनुभवी माणसे जातातही. वेर्लाइन २०२० मध्ये भर हंगामात गेला आणि पुढे पोर्शसाठी २०२३-२४ चा विजेता झाला. ऑलिव्हर रोलंड २०२३ मध्ये असाच निघाला आणि पुढे २०२४-२५ मध्ये निसानसाठी जगज्जेता झाला. घडवलेला चालक दुसऱ्याच्या पदरात पडण्याचा धोका तुम्ही परदेशी चालकांसाठी पत्करता. तो एका भारतीयासाठीही पत्करावा.

हेच मागणे टाटांकडेही आहे. जग्वार त्यांची, गाडीवर नाव टीसीएसचे, २०२३-२४ चे सांघिक विजेतेपदही जग्वारचे. मुंबईतली दोन मोठी घराणी जगभरच्या रस्त्यांवर एकमेकांशी झुंजतात आणि दोन्हीकडच्या चार गाड्यांत भारतीय कुणी नसतो. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेन सागराच्या काठी शर्यत झाली, तेव्हाही अख्ख्या ग्रिडवर एकही भारतीय नव्हता. ते पाहताना वाईट वाटले.

पाठबळाने काय होते, हे टाटांनीच २००५ मध्ये दाखवले होते. त्यांच्या आधारावर नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघात गेला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. उलट फॉर्म्युला वनमधल्याच फोर्स इंडिया संघाने नावात देश मिरवला, पण २००८ ते २०१८ या काळात शर्यतीची जागा कुणा भारतीयाला दिली नाही. त्या वाटेने तुम्ही जाऊ नये.

आपल्याकडे मुले नाहीत असे नाही. कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीत धावला. कोइम्बतूर आणि चेन्नईत तर पिढ्या घडल्या. पण कार्टिंगपुढचा खर्च बापाच्या खिशातून होतो आणि तो खिसा रिकामा झाला की मुलगा घरी परततो.

फॉर्म्युला ईच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे जेन फोर गाड्यांच्या काळातही राहणार, असे तुम्ही जाहीर केले आहे. त्या काळात एका गाडीत भारतीय चालक बसवा, आणि पहिल्या चार शर्यतींत गुण मिळाले नाहीत म्हणून त्याला उतरवू नका. किमान दोन पूर्ण हंगाम द्या. नाव जाहीर करायची तारीख तुम्ही ठरवा, पण ती लवकर ठरवा.

आपला,
एक शर्यतप्रेमी